उडत नाही म्हणून सुटत नाही

नकली पिस्तूल विकणारा गिऱ्हाइकाला एक वाक्य हमखास ऐकवतो: 'ही उडत नाही, हिला लायसन्स-बियसन्स काही लागत नाही.' हौशी नाटकांना प्रॉपर्टी पुरवणाऱ्या आम्हा लोकांच्या डोक्यात हे वाक्य इतकं मुरलं आहे की त्याचा पुढचा अर्धा भाग विचारायचं कुणाला सुचतच नाही. आणि तो अर्धा भाग विकणारा आपणहून कधीही सांगत नाही. मी हे रागाने लिहितो आहे, ते लपवत नाही. शस्त्र अधिनियम 1959 मध्ये नकली अग्निशस्त्र म्हणजे काय ते कलम 6 आणि कलम 28 यांच्या स्पष्टीकरणांत दिलं आहे. अग्निशस्त्रासारखी दिसणारी कोणतीही वस्तू त्यात येते, मग तिच्यातून गोळी किंवा छर्रा सुटो वा न सुटो. कायदा इथे वस्तूच्या रूपाकडे पाहतो, आणि बाजार मात्र आपल्याला फक्त तिच्या यंत्राबद्दल धीर देत असतो. गिऱ्हाईक फसतं ते या फटीत.

फटीची खोली समजून घ्या. अटक टाळण्यासाठी किंवा दुसऱ्याची अटक रोखण्यासाठी कुणी बंदूक वापरली किंवा वापरायचा प्रयत्न केला, तर कलम 28 खाली सात वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो. त्या कलमात खरी बंदूक आणि नकली बंदूक एकाच वाक्यात, एकाच शिक्षेखाली येतात. नकली बंदुकीचं खऱ्या बंदुकीत विनापरवाना रूपांतर करणं हा कलम 6 चा भंग. त्याची शिक्षा 2019 च्या दुरुस्तीनंतर किमान सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत गेली आहे. जबरी चोरीत खेळण्यातलं पिस्तूल दाखवलं तर ते 'प्राणघातक हत्यार' ठरतं का, यावर वकील कोर्टात वाद घालू शकतात. पण जबरी चोरीचा मूळ गुन्हा त्याने पुसला जात नाही, कारण तो तत्काळ मृत्यूच्या किंवा इजेच्या भीतीवर उभा आहे, आणि भीती घालायला प्लास्टिक पुरतं. हे सगळं योग्यच आहे, माझी त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार वेगळी आहे. एवढ्या कडक कायद्यात, ही वस्तू हुबेहूब काळ्या पिस्तुलासारखी बनवू नका, ठळक रंगात बनवा, असं बनवणाऱ्याला बजावणारं एकही कलम नाही. वस्तू कारखान्यातून निघते, गोदामात येते, दुकानात किंवा मोबाइलच्या पडद्यावर झळकते, कुरियरने घरी पोचते, आणि या सगळ्या साखळीतला जाब विचारला जातो तो शेवटच्या माणसाला, ज्याच्या हातात ती दिसते त्याला.

विकणाऱ्यांची रीत जवळून पाहण्यासारखी आहे. जाहिरातीत वरच्या बाजूला 'रिअल लूक', 'फुल मेटल', 'ओरिजिनल साइज' असे शब्द मोठ्या अक्षरांत असतात. फोटोत काळं, खरखरीत मुठीचं पिस्तूल असतं. वरची स्लाइड मागे ओढता येते, मॅगझिन खटकन बाहेर येतं, वजनही हाताला खऱ्याचा भास होईल इतकं. आणि याच वस्तूचं नाव कधी 'लायटर' असतं, कधी 'शोपीस', कधी 'मुलांचं खेळणं'. अगदी तळाशी बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं की वापराची जबाबदारी खरेदीदाराची. म्हणजे विकताना खरेपणाची किंमत घ्यायची आणि विकून झाल्यावर ते खेळणं होतं म्हणून हात झटकायचे. बिलावरही 'गिफ्ट आयटम' एवढंच छापतात. रात्रीच्या नाकाबंदीत हवालदाराने बॅटरीच्या उजेडात डिकी उघडली, वरची ड्रेपरी बाजूला केली आणि खाली हे काळं धूड दिसलं, की त्या 'गिफ्ट आयटम'चा काडीचा उपयोग होत नाही. समोरच्या चार माणसांचे चेहरे त्या क्षणी बदलतात आणि दुकानदाराचा फोन लागत नाही. वाक्याचा राहिलेला अर्धा भाग माणसाला कळतो तो तिथे.

कायद्याने दिसण्यालाच धरावं हे बरोबर का, याचं उत्तर दुर्दैवी घटनांत आहे. नोव्हेंबर 2014 मध्ये अमेरिकेतल्या क्लीव्हलँड शहरात एका उद्यानात बारा वर्षांचा मुलगा एअरसॉफ्ट पिस्तूल घेऊन खेळत होता. फोन करणाऱ्याने ते बहुधा खोटं असावं असं सांगितलंही होतं, पण ते गस्तीवरच्या पोलिसांपर्यंत पोचलं नाही. गाडी थांबल्यावर दोनेक सेकंदांत गोळी झाडली गेली आणि मुलगा दगावला. त्या पिस्तुलाच्या नळीवरचं नारिंगी टोक निघालेलं होतं. सप्टेंबर 1999 मध्ये लंडनमध्ये पिशवीत टेबलाचा पाय घेऊन घरी चाललेल्या माणसाला, पिशवीत बंदूक आहे या समजातून, पोलिसांनी गोळ्या घातल्या. आपल्याकडे 30 ऑक्टोबर 2025 रोजी पवईत मुलांना ओलीस धरणारा माणूस पोलिसांच्या गोळीने मेला, आणि त्याच्याकडे एअरगन होती हे पोलिसांनीच सांगितलं. त्या कारवाईचा न्याय करायची ही जागा नाही. एवढंच पाहा, की निर्णयाच्या क्षणी कुणीही वस्तूची नळी तपासत नाही. 'पोलिसांना खरं-खोटं ओळखायला शिकवा' असं म्हणणाऱ्यांना मी हेच विचारतो: दहा पावलांवरून, अंधारात, हलत्या हातातली वस्तू कुणी ओळखायची आणि कशी? शिकवण्याने संयम वाढेल, आणि तो वाढायलाच हवा. डोळ्यांची ताकद वाढणार नाही.

ब्रिटनने यावर जे केलं ते आपल्या गृह खात्याने मनावर घ्यावं असं आहे. तिथल्या 1968 च्या कायद्यातली नकली बंदुकीची व्याख्या आणि आपली व्याख्या जवळजवळ सारखीच आहे. तिथेही आधी भर गैरवापरावरच होता. दिसण्याची व्याख्या किती ताणायची हा प्रश्न 2005 मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्ससमोर आला. एका चोराने जाकिटाच्या आत बोटं पुढे करून बंदूक असल्याचा आव आणला होता. न्यायमूर्तींनी सांगितलं की स्वतःची बोटं म्हणजे 'बाळगलेली वस्तू' होऊ शकत नाही, आणि तेवढ्यापुरती शिक्षा रद्द केली. व्याख्येला अशी हद्द घातली गेली हे चांगलंच झालं. पुढच्याच वर्षी हिंसक गुन्हे कमी करण्यासाठीचा कायदा आला आणि 1 ऑक्टोबर 2007 पासून हुबेहूब दिसणारी नकली बंदूक बनवणं, आयात करणं आणि विकणं हाच गुन्हा ठरला. हुबेहूब नाही असं कधी म्हणायचं, याचं मापही नियमांत दिलं. वस्तू मुख्यतः भडक लाल, नारिंगी, पिवळी, हिरवी, गुलाबी, जांभळी किंवा निळी असेल, किंवा पारदर्शक असेल, तर ती चालते. उंची 38 मि.मी. आणि लांबी 70 मि.मी.हून कमी असेल तरी चालते. नाटक, सिनेमा, संग्रहालय, ऐतिहासिक प्रसंगांची पुनर्रचना यांना सूट आहे, पण ती सिद्ध करावी लागते. जपानने तर 1971 मध्येच धातूची नकली पिस्तुलं पांढऱ्या किंवा पिवळ्या रंगात आणि नळी बुजवूनच ठेवण्याची सक्ती केली. या देशांनी ओझं जिथे वस्तू जन्मते तिथे नेऊन ठेवलं. मला नेमकं हेच हवं आहे.

रंग काय, कुणीही पुसेल, काळा मारेल, हा आक्षेप अनेकदा येतो आणि तो पोकळ नाही. अमेरिकेने 1988 च्या कायद्याने नळीच्या टोकाला नारिंगी बूच सक्तीचं केलं, आणि क्लीव्हलँडमध्ये ते बूचच नव्हतं. पण यावरून रंगाची अट फोल ठरत नाही, फक्त टोकापुरता रंग पुरेसा नाही हे ठरतं. ब्रिटिश कायद्यात अख्ख्या वस्तूचा रंग धरला आहे, आणि साध्या नकली बंदुकीत फेरफार करून ती हुबेहूब करणं हाही त्याच कलमातला गुन्हा आहे. मग ज्याने काळा रंग मारला त्याचा हेतू वेगळा शोधत बसावा लागत नाही. दुसरा आक्षेप भावनेचा: दिवाळीतली टिकल्यांची बंदूक पोरांच्या हातून काढून घेणार का? मुळीच नाही. लाल-हिरव्या प्लास्टिकची टिकल्यांची बंदूक वरच्या अटीत सहज बसते. काळी, धातूची, सोसायटीच्या जिन्यात शेजाऱ्याची छाती धडधडवणारी वस्तू पोरांना लागतेच असं कुणी ठरवलं? खेळण्यांना 2021 पासून आयएसआय मार्क सक्तीचा झाला, तसा रंगही सक्तीचा होऊ शकतो.

सगळ्यात वजनदार आक्षेप आमच्याच नाटकवाल्यांचा आहे: आणखी एक नियम म्हणजे आणखी एक खेटा, आणखी एक सही, आणखी एक अडवणूक. मला हा आक्षेप कळतो, पटत मात्र नाही. अडवणूक आजही आहे, आणि लेखी सूट नसल्यामुळेच ती समोरच्या अधिकाऱ्याच्या मर्जीवर चालते. नियमात 'नाट्यप्रयोगासाठी' अशी सूट छापलेली असेल तर हातात दाखवायला कागद असतो. शिवाय सरसकट बंदी आली तर ती आणखी घातक ठरेल. ऑक्टोबर 2021 मध्ये न्यू मेक्सिकोतल्या एका चित्रीकरणात छायाचित्रकार महिलेचा जीव गेला तो खऱ्या बंदुकीतल्या खऱ्या काडतुसाने. रंगमंचावर आणि सेटवर न उडणारी बंदूकच सुरक्षित आहे. म्हणून बंदी नको. रंग हवा, सूट हवी, आणि विकणाऱ्याच्या वहीत घेणाऱ्याची नोंद हवी. एअरगनच्या बाबतीत 20 जूलपर्यंतची ऊर्जा आणि 4.5 मि.मी. व्यास अशी रेघ आखलेलीच आहे, तिच्या आत परवाना लागत नाही. तशीच स्वच्छ रेघ दिसण्याच्या बाबतीत का आखता येऊ नये?

नियम येईल तेव्हा येईल, तोवर स्वतःला जपणं आपल्याच हातात आहे. बिलावर वस्तूचं नेमकं वर्णन लिहून मागा: 'पिस्तुलाची प्रतिकृती, न उडणारी'. विकणारा लिहून द्यायला का कू करू लागला तर तिथून निघा, हा माझा सगळ्यात पक्का सल्ला. प्रयोगाला जाताना संस्थेच्या लेटरहेडवर प्रॉपर्टीची यादी, परिनिरीक्षण मंडळाच्या प्रमाणपत्राची प्रत आणि बिल एकाच पाकिटात, पेटीच्या झाकणाला आतून चिकटवलेलं असू द्या. पेटीला कुलूप, किल्ली एकाकडेच. प्रतिकृती कमरेला खोचून, तसाच मेकअप ठेवून चहाच्या टपरीवर कुणीही जायचं नाही, तो कितीही मोठा नट असो. उघड्या मैदानात किंवा गच्चीवर तालीम असेल तर पोलीस ठाण्यात आधी अर्ज देऊन पोच घ्या. सणासुदीत महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम 37 चे मनाई आदेश लागू असतात, तेव्हा तर नक्कीच. विमानाने जाणार असाल तर केबिनच्या सामानात खेळण्यातली बंदूकही चालत नाही. धूर निघावा म्हणून 'नळी मोकळी करून देतो' म्हणणाऱ्या कारागिराला दारातूनच परत पाठवा, कारण कलम 6 ची हद्द तिथे सुरू होते. आणि पोलिसांनी हटकलंच तर हातात वस्तू धरून 'खोटी आहे, खोटी आहे' असं समजावत बसू नका. दोन्ही हात मोकळे दिसू द्या, वस्तू कुठे आहे ते तोंडाने सांगा, आणि ती त्यांनाच काढू द्या. बाकी सावध राहणं, शब्द जपून वापरणं हे सगळ्यांना ठाऊक आहेच.

राज्य नाट्य स्पर्धेच्या तालमी सुरू होण्याआधी आपापल्या संस्थेच्या पेट्या एकदा उघडा. जी प्रतिकृती संहितेला खरोखर लागत नाही ती आजच भडक रंगात रंगवा, आणि जी लागते तिच्याबरोबर कागद ठेवा. गृह खात्याला निवेदन द्यायचं असेल तर ते एकेकट्याने देऊ नका, सगळ्या संस्थांनी मिळून द्या.