ओस घाट आणि आपला ओढा

'नदीकाठ सुशोभीकरण' म्हटलं की डोळ्यांपुढे काय येतं? रंगीत फरशी, सिमेंटची बाकडी, स्टीलचं रेलिंग आणि उद्घाटनाची कोनशिला. दोन वर्षांनी तिकडे कोणी फिरकत नाही. मग आपण म्हणतो, लोकांनाच हौस नाही. पण जुने घाट काही हौसेने बांधलेले नव्हते. पाणी भरणं, धुणं, आंघोळ, देवदर्शन, दशक्रिया अशी रोजची कामं तिथं होती. नळ घरात आला आणि घाटाचं निम्मं काम संपलं. राहिल्या नुसत्या पायऱ्या.

तरी काही काठ आजही जिवंत आहेत. वाईत कृष्णाबाईचा उत्सव घाटाघाटांवर पाळीपाळीने होतो, म्हणून प्रत्येक घाटाला धनी आहे. तिथला ढोल्या गणपती गणपतराव रास्त्यांनी १७६२ मध्ये बांधला. त्या देवळाची मागची भिंत मुद्दाम बघा. माशासारखी निमुळती आहे, पुराचं पाणी तिच्यावर आपटत नाही, फाटून दोन्ही बाजूंनी जातं. पुलाच्या खांबाला आपण 'कट वॉटर' शिकतो ते हेच! कऱ्हाडचा प्रीतिसंगमही तसाच. कृष्णा-कोयना समोरासमोर भेटतात, यशवंतराव चव्हाणांची समाधी आहे, बाग आहे, आणि मुख्य म्हणजे गावातून चालत जाता येतं. भेळेची गाडी हा प्लॅनमध्ये न दाखवला जाणारा, पण फार महत्त्वाचा घटक आहे.

सांगलीचं गणित अवघड. आयर्विन पुलापाशी ४० फूट इशारा पातळी, ४५ फूट धोका पातळी. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं. अशा काठावर जे बांधाल ते कधीतरी बुडणारच, हे धरूनच डिझाईन करायचं. रेलिंगला जलपर्णी आणि लाकडं अडकतात, मग ते रेलिंग न राहता बंधारा होतं. म्हणून ते काढता-घालता येणारं हवं. विजेची जोडणी वरच्या टप्प्यावर हवी. गाळ ओला असतानाच धुवायचा, वाळला की कुदळ लागते. आणि शेरीनाल्यासारखं सांडपाणी नदीत येत असेल तर आधी त्याचा बंदोबस्त. नाक दाबून कोण फिरायला येईल?

आता भिंतीचा विषय. ऑक्टोबर २०२० च्या पावसात पंढरपूरला कुंभार घाटाची भिंत कोसळून सहा जण गेले. तिथल्या कारणांचा निवाडा आपण करायचा नाही, पण आपल्या वहीतलं सूत्र मात्र उघडून बघा. भिंतीमागे नुसतं पाणी साचलं तरी त्याचा जोर उंचीच्या वर्गाने वाढतो. २ मीटर पाण्याचा दर मीटर लांबीला साधारण २ टन, ४ मीटरचा ८ टन. मातीचा दाब वेगळाच. समोरचा पूर झपाट्याने ओसरला तर मागची माती तशीच भिजलेली राहते, समोरचा आधार मात्र गेलेला असतो. म्हणून वीप होल आणि त्यामागे खडी-वाळूचा फिल्टर. एस्टिमेट कमी करायचं झालं की पहिली कात्री यांवरच बसते!

आणि आपली आटपाडी? आपल्याला कृष्णाकाठ नाही, गावातून जाणारा शुक ओढा आहे. एरवी दमडीएवढं पाणी, पण परतीचा पाऊस लागला की तोच ओढा रस्ता अडवतो. उद्या कोणी म्हणेल, दोन्हीकडून भिंती घाला, तळाला काँक्रीट करा, वर झकास वॉकिंग ट्रॅक. मॅनिंगचं सूत्र लावा. उथळ, रुंद ओढ्याची रुंदी निम्मी केली, उतार आणि खडबडीतपणा तोच ठेवला, तर तेवढ्याच पुराची खोली सुमारे दीडपट होते. तळ बांधला की मुरणारं पाणी थांबतं. टेंभूचं पाणी तालुक्यात आलं म्हणून विहिरींचा पाझर बुजवायचा का?

माझ्या मते रुंदीला हात लावू नये. खालचा टप्पा दगडी पायऱ्यांचा, बुडला तरी चालेल असा. वरचा टप्पा पायवाटेचा, लिंब आणि करंजाच्या सावलीत. ४ मीटर उतरायला १५ सेंटिमीटरच्या २७ पायऱ्या आणि सुमारे ८ मीटर जागा लागते. व्हीलचेअरसाठी १ ला १२ उतार धरला तर ४८ मीटर, शिवाय मधले थांबे. तो उतार काठाच्या कडेकडेने न्यावा, म्हणजे आजीलाही उपयोगी पडतो. आणि शनिवारच्या बाजाराला आलेल्या माणसाला बसायला, भाकरी सोडायला जागा मिळाली, तर काठ आपोआप वापरात येईल.

सिव्हिलवाल्यांनी (इतरांनाही मज्जाव नाही) एक शनिवार काढावा. सकाळी, दुपारी, संध्याकाळी कोण, कुठून, कशासाठी ओढा ओलांडतं ते मोजावं. काठावरच्या म्हाताऱ्या माणसांना विचारून पुराच्या खुणा भिंतींवर गेरूने माराव्यात आणि डम्पी लेव्हल लावून प्रत्येक खुणेची रीडिंग घ्यावी. ड्रॉइंगला त्यानंतर बसावं.