बांधी भरलेली, तरी धान पिवळा का?

रोवणी होऊन पंधरा-वीस दिवस झाले की बोदलकसा तलावाखालच्या बांध्यांत हा प्रश्न हमखास निघतो. पाणी भरपूर आहे म्हणजे खत कमी पडलं असणार, असं धरून युरिया फेकला जातो. तो फेकण्याआधी एक चूड उपटा आणि मुळं स्वच्छ धुऊन पाहा.

पाणी वर चढतं ते मुख्यतः पानांच्या ओढीनं. पर्णरंध्रांतून वाफ जाते, तसा काष्ठवाहिन्यांतला पाण्याचा अखंड धागा मुळापासून वर खेचला जातो. क्षारांचं तसं नाही. स्फुरद, पालाश मुळाच्या पेशी निवडून, ताकद खर्चून आत घेतात आणि त्या ताकदीला प्राणवायू लागतो. भरल्या चिखलात तो कुठला? धानाच्या मुळांत हवेच्या पोकळ्या असतात. त्यांतून पानांकडचा प्राणवायू खाली उतरतो. थोडा बाहेर झिरपतो आणि चिखलातलं लोह गंजून मुळावर तांबूस लेप चढतो. तांबूस मूळ, पांढरं टोक दिसलं की निश्चिंत राहा. मूळ काळं आणि सडक्या अंड्याचा वास असेल, तर ते गुदमरलंय. धुरा फोडून पाणी काढा, बारीक भेगा दिसू लागताच पुन्हा भरा. फुटव्यांच्या काळात एरवीही २ ते ५ सेंटिमीटर पाणी पुरे.

पहाटे पानाच्या टोकावर दिसणारे थेंब सगळेच दवाचे नसतात. रात्री रंध्रं मिटतात, तरी मूळ क्षार आत घेत राहतं. त्यांच्यामागे पाणी शिरतं आणि मुळाच्या दाबानं टोकातून बाहेर येतं.

मुळं ठीक असतील तर पिवळेपणा कुठल्या पानावर आहे ते बघा. नत्र जुन्या पानांतून नव्याकडे सरकतं, म्हणून त्याच्या कमतरतेत खालची पानं आधी पिवळी पडतात. लोह, गंधक सहज हलत नाहीत. तिथे कोवळं पान फिकं होतं. खालच्या पानांवर गंजासारखे ठिपके आणि वाढ खुंटलेली असेल, तर तो खैरा. त्याचं मूळ जस्ताच्या कमतरतेत आहे, हे १९६६ साली पंतनगरला डॉ. य. ल. नेने यांनी दाखवलं. लिटरमागे ५ ग्रॅम झिंक सल्फेट आणि २.५ ग्रॅम चुना घेऊन फवारा. पुढच्या हंगामी चिखलणीला एकरी १० किलो झिंक सल्फेट द्या. डीएपीत मात्र मिसळू नका.

युरिया द्यायचाच झाला तर बांधीतलं पाणी काढून द्या आणि दुसऱ्या दिवशी पाणी घ्या. धान गाभ्यावर आल्यापासून फुलोरा संपेपर्यंत मात्र बांधी कोरडी पडू देऊ नका.