उजाडू दे, मग नदीकडे जा

चि. भाचीस,



तुझं पत्र मिळालं. वनरक्षक भरतीची तयारी भंडाऱ्यात राहून करायची ठरवलीस, हे चांगलं केलंस. तुझा प्रश्न असा की हायवेच्या कडेने धावून कंटाळा आलाय, एकीकडे वैनगंगा आहे, दुसरीकडे कोक्याचं जंगल आहे, तर तिकडे धावायला गेलं तर चालेल का. चालेल. चालेल काय, गेलंच पाहिजे. पण पत्रात पुढे तू लिहितेस की पहाटे साडेचारला निघून उजाडायच्या आत परत यायचं, आणि तिथे मी अडतो. आपल्या जिल्ह्यात धावायची वाट नुसत्या जागेने ठरत नाही. ती जागेइतकीच घड्याळाने आणि महिन्याने ठरते. सात वाजता जी वाट सोन्यासारखी, तीच पाच वाजता जिवावर बेतणारी असू शकते. म्हणून वाट बदलण्याआधी वेळ बदल. हे मी का म्हणतो ते जरा सविस्तर लिहितो, कारण नुसतं ‘जाऊ नकोस’ म्हटलं की तू ऐकणार नाहीस, आणि ऐकूही नयेस.

आधी हायवेचं बोलू. गुजरातेतल्या हजिऱ्यापासून ओडिशातल्या पारादीपकडे जाणारा हा राष्ट्रीय महामार्ग ५३ आपल्याकडे भंडारा, लाखनी, साकोली असा जातो. भरतीची मुलं त्याच्या कडेने धावतात, कारण रस्ता सपाट आहे, किलोमीटरचे दगड आयते आहेत आणि चिखल नाही. ही तिन्ही कारणं खरी आहेत. पण पहाटेची वेळ म्हणजे रात्रभर गाडी हाकलेल्या ड्रायव्हरचे डोळे मिटायची वेळ. ७ ऑगस्ट २०२५ ला गडचिरोली–आरमोरी मार्गावर काटलीजवळ सकाळच्या व्यायामाला निघालेल्या सहा मुलांना ट्रकने चिरडलं. त्यातली चार गेली. त्या मुलांची काय चूक होती? एवढीच की व्यायामाला दुसरी जागा नव्हती. तुला आहे. शिवाय श्वासाचा हिशेब बघ. माणूस बसलेला असताना मिनिटाला साधारण सहा ते आठ लिटर हवा आत घेतो, जोरात धावताना तीच साठ लिटरच्या पुढे जाते. ट्रकने मागे सोडलेला धूर उभ्या माणसापेक्षा कितीतरी पट जास्त तुझ्या छातीत जातो. हिवाळ्यात तर सूर्य वर येईपर्यंत थंड हवा जमिनीलगत दबून राहते आणि धूर, धूळ, शेकोट्या, सगळं तिच्यात अडकून पडतं.

आता तू म्हणशील, आणि सगळेच म्हणतात, की आपल्याकडे उन्हाळा पंचेचाळिशीला टेकतो, उजाडल्यावर धावणं कसं जमेल? पहाटे चारलाच काय ते गार असतं. हा समज इतका पक्का आहे की तो कुणी तपासून बघत नाही. रात्र झाली की जमीन दिवसाची उष्णता सोडत राहते आणि हे सोडणं रात्रभर चालू असतं. म्हणून हवा सर्वात थंड मध्यरात्री नसते, चारलाही नसते. साधारणपणे ती सूर्योदयाच्या सुमारास असते. मे महिन्यात आपल्याकडे सूर्य साडेपाचच्या आसपास उगवतो आणि त्याआधी वीस-बावीस मिनिटं पायाखालचा खडा दिसण्याइतका उजेड झालेला असतो. म्हणजे सव्वापाचला निघालीस तर तुला चार वाजताच्यापेक्षा गार हवा मिळते आणि वर डोळ्यांना दिसतंही. सहापर्यंत तुझी धाव आटोपते. जानेवारीत सूर्य पावणेसातच्या पुढे येतो, पण तेव्हा ऊन हवंहवंसंच असतं. अंधारात उठून जे कमावतो असं वाटतं, त्यात गारवा नाही. एक तासाची झोप जाते, एवढंच होतं. कष्टाच्या शरीराला ती झोप लागते.

नदीकाठाकडे येतो. पलीकडच्या तीरावर कारधा आहे. तिथल्या शेतांमधून जाणारे पांदण रस्ते ही धावायला उत्तम जमीन आहे. मुरूम आणि माती, मध्ये गवताची पट्टी, दोन्ही बाजूंना चाकोरी. पाऊल प्रत्येक वेळी थोडं वेगळं पडतं. डांबरी रस्ता मधोमध उंच आणि कडेला उतरता असतो, त्यामुळे एकाच कडेने रोज धावणाऱ्याचा एक पाय कायम खाली पडतो. नडगी आणि गुडघा तिथे कुरकुरायला लागतात. पांदणीवर तो त्रास कमी. कुणाची तरी दुचाकी घे, तिच्या मीटरवर दीड किलोमीटर मोज, जिथे संपेल तिथलं झाड लक्षात ठेव. जाऊन-येऊन तुझे तीन किलोमीटर झाले, आणि वनरक्षकाला मुलींची धाव तेवढीच आहे. तुमसरकडे असशील तेव्हा माडगीची वाट आहे. पवनीला गेलीस तर वैजेश्वर घाटाच्या दगडी पायऱ्या आहेत, त्या चढ-उताराच्या सरावाला चांगल्या, फक्त शेवाळलेल्या खालच्या पायऱ्या सोड.

पण नदीचेही नियम आहेत. आपल्याकडे ढग नसतानाही वैनगंगा चढते, कारण तिचं पाणी वरून, मध्य प्रदेशातल्या सिवनी-बालाघाटकडून येतं. २०२० च्या ऑगस्टअखेरचा पूर आठव. वरच्या संजय सरोवरातून पाणी सुटलं आणि भंडारा शहरात घुसलं. कारध्याला धोक्याची पातळी २४५.५० मीटर धरतात आणि पावसाळ्यात रोज नदीची पातळी जाहीर होते. जून ते सप्टेंबर धावायला निघण्याआधी तेवढी बघायची सवय लाव. कारध्याचा जुना लहान पूल पूर आला की आधी पाण्याखाली जातो, त्याच्याकडे त्या दिवसांत फिरकू नकोस. खाली गोसीखुर्दचं धरण आहे. त्याचं पाणी इथपर्यंत फुगतं, म्हणून काठाची रेघ महिन्या-महिन्याला सरकते. पाणी उतरलं की गाळ उघडा पडतो. वरून तो वाळून तडकतो, खापरासारखे तुकडे पडतात, आणि बघणाऱ्याला वाटतं की जमीन कडक झाली. पाऊल टाकलं की वरची पापडी मोडते आणि घोट्याच्या वर पाय ओल्या, निसरड्या गाळात जातो. वेगात असताना तिथे घोटा मुरगळला तर भरतीचं ते वर्ष गेलं समज. म्हणून काठ म्हणजे पाण्याची कड नव्हे. काठ म्हणजे जिथे बैलगाडीचं चाक उमटलंय ती वाट. आणि रेतीघाटाकडे जाणारे रस्ते अंधारात वर्ज्य समज. रेती भरलेले टिप्पर त्या वेळी ज्या वेगाने येतात त्यापुढे हायवे बरा म्हणायची वेळ येईल.

जंगलाबद्दल जास्त काळजीने लिहितो. कोका अभयारण्य २०१३ साली झालं आणि त्याच वर्षी नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पात आलं. अभयारण्याच्या आत पायी धावायला परवानगी नाही, तिथे गाडीतून फिरता येतं, तेही परवान्यावर. हा नियम मोडून आत घुसलेल्या मुलांचे व्हिडिओ कुणी दाखवले तर त्यांचं कौतुक करू नकोस. ज्या खात्यात तुला नोकरी हवी आहे त्याच खात्याचा तो नियम आहे. राहिली जंगलाच्या कडेची गावं आणि त्यांना जोडणारे रस्ते. तिथे जायला हरकत नाही, पण तिथे वाघ, बिबट आणि अस्वल आहेत हे गृहीत धरून. ऑक्टोबर २०२२ मध्ये पकडलेल्या सीटी-१ वाघाने वडसा, लाखांदूर, ब्रह्मपुरी या पट्ट्यात १३ माणसं मारली होती, त्यातली चार आपल्या जिल्ह्यात. बिबट आणि अस्वल रात्री आणि झुंजुमुंजु असतानाच जास्त फिरतात. पळणारी वस्तू दिसली की मांजरकुळातल्या प्राण्याचा पाठलागाचा स्वभाव जागा होतो. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं पडतात तेव्हा अस्वल झाडाखाली मान खाली घालून खात असतं. त्याची नजर अधू, आणि अचानक कुणी जवळ आलं की ते अंगावर येतं. मोह वेचणारी आणि तेंदूपानं तोडणारी माणसं पोटासाठी तो धोका पत्करतात. तुला पत्करायचं कारण नाही. म्हणून मोहाच्या आणि तेंदूच्या दिवसांत जंगलाची कड पूर्ण सोडून दे. एरवी सूर्य चांगला वर आल्यावर, गुराखी गुरं घेऊन बाहेर पडले की त्यांच्या मागोमाग जा. गावात आधी विचार. गावकऱ्यांना काल रात्री काय फिरलं ते माहीत असतं, आणि एकदा विचारून बघितलंस की कळेल, ते प्रेमाने सांगतात. कानात गाणी नकोत. कान हेच तिथे तुझं शस्त्र आहे.

जंगल आणि नदी दोन्ही नको अशा दिवसांसाठी आपल्याकडे तिसरी वाट आहे. भंडारा हा तलावांचा जिल्हा. कोहळी मंडळींनी बांधलेले ते जुने तलाव, ज्यांना आज माजी मालगुजारी तलाव म्हणतात, त्यांची पाळ ही माझ्या मते या जिल्ह्यातली सर्वात चांगली धावपट्टी आहे. उंच, बहुधा सरळ, गावाच्या नजरेत, आणि श्रावणात बांध्यांमध्ये गुडघाभर पाणी आणि रोवणी चालू असते तेव्हाही तुलनेने कोरडी. दव असेल तेव्हा गवतात पाय घालताना जपून. परड, म्हणजे घोणस, तिथेच पडून असते.

तुझ्या भरती अकादमीतली मुलं विचारतील की परीक्षा मैदानावर, मग माती-गवतावर सराव कशाला? प्रश्न योग्य आहे. डांबर किंवा ट्रॅक म्हणजे विष नव्हे, पाय कठीण जमिनीशीही जुळवून घेतो. पण तीन किलोमीटरची धाव मुळात दमाची आहे आणि दम हळू, लांब, बोलत-बोलत धावता येईल अशा धावण्याने वाढतो. त्याला मोजलेली पट्टी लागत नाही, रोज जावंसं वाटेल अशी जागा लागते. म्हणून आठवड्यातले चार दिवस पाळ किंवा पांदण, एक दिवस क्रीडा संकुलावर घड्याळ लावून. पोलीस भरतीचाही अर्ज भरणार असशील तर ८०० मीटरचे २० गुण त्या एका दिवसाच्या वेगावर ठरतील, तो दिवस चुकवू नकोस. आणखी एक. वनरक्षकाला धावेनंतर चार तासांत १६ किलोमीटर चालणंही आहे. ते हायवेवर शिकता येत नाही, कारण पुढे नोकरीत तुला जे चालायचंय ते पांदणीवर आणि पायवाटेवरच. रविवारी ते चालून घे.

एक अडचण तू पत्रात लिहिली नाहीस, पण ती मला कळते. मुली अंधारात धावतात त्या गारव्यासाठी नाही. उजेडात लोक बघतात, बोलतात, कुणी गाडी हळू करतं, म्हणून त्या अंधार निवडतात. हे दुखणं मोठं आहे आणि त्याचं ओझं तुमच्यावर पडावं याचा मला राग येतो. पण अंधार हा त्यावरचा उपाय नाही. अंधारात बोलणारा दिसत नाही आणि मदत करणाराही दिसत नाही. उपाय संख्येत आहे. चार-पाच मुली एका वेळी, रोज त्याच वाटेने गेल्या, की पंधरा दिवसांत गावाला त्यांची सवय होते. मग शेतावर निघालेली बाईच कुणी थांबलं तर विचारते. त्या वाटेवरच्या शेतकऱ्यांशी ओळख करून घे, नावाने हाक मार.

आता धान निघालं आहे, पांदणी मोकळ्या झाल्या आहेत आणि सूर्य सव्वासहानंतर उगवतोय. या सोमवारपासून साडेसहाला कारध्याकडची पांदण धर. एकटी जाऊ नकोस, कुठल्या वाटेने जाणार ते निघताना आईला फोन करून सांग, आणि आल्यावर पोचल्याचा दुसरा फोन कर.

तुझा,
मामा