यीस्ट-वृद्धी : निदान आणि चिकित्साविवेक

कॅन्डिडा हा यीस्ट वर्गातील सूक्ष्मजीव अनेक निरोगी व्यक्तींच्या मुखात, महास्रोतसात व योनिमार्गात अल्प प्रमाणात असतोच. त्याचे केवळ अस्तित्व म्हणजे व्याधी नव्हे. देहबल क्षीण झाले, प्रतिजैविकांनी उपकारक जंतू नष्ट झाले अथवा रक्तशर्करा वाढली, की तो बळावतो. बीजापेक्षा क्षेत्राचा विचार येथे अधिक महत्त्वाचा ठरतो.

लक्षणे : मुखातील पांढरा थर पुसल्यावर खाली लाल, हुळहुळी त्वचा दिसते. साम जिव्हेच्या लेपापासून तो वेगळा ओळखावा. योनीत तीव्र कंडू, दाह व दह्यासारखा घट्ट स्राव असतो. चरकोक्त श्लैष्मिकी योनिव्यापदेशी याचे साम्य आहे. दाह असल्यास पित्तानुबंध समजावा. दुर्गंधी वा हिरवट, फेसाळ स्राव असेल तर अन्य संसर्गाचा विचार करावा. शंका असल्यास स्रावाची सूक्ष्मदर्शक तपासणी अवश्य करावी. केवळ थकवा, आध्मान किंवा गोड खाण्याची इच्छा यांवरून 'शरीरभर यीस्ट' असे निदान करणे शास्त्रसंमत नाही.

कारणशोध : वारंवार उद्भवणाऱ्या रुग्णात रक्तशर्करा तपासावी. डॅपाग्लिफ्लोझिनसारख्या औषधांनी मूत्रातून शर्करा जाते व जननेंद्रियाचा बुरशीसंसर्ग वाढू शकतो. दम्यासाठी स्टेरॉइड ओढून घेणाऱ्यांना प्रत्येक वेळी चूळ भरण्यास सांगावे. यांपैकी कोणतेही औषध रुग्णाने परस्पर बंद करू नये.

चिकित्सा : निदानपरिवर्जन हीच पहिली चिकित्सा. मधुर, अभिष्यंदी आहार कमी करावा, सुती व कोरडी वस्त्रे वापरावीत. बाह्य प्रक्षालनार्थ आम्ही त्रिफळा किंवा पंचवल्कल क्वाथ योजतो : 20 ग्रॅम भरड, 320 मिली पाणी, चतुर्थांश शेष, गाळून, कोमट करून, त्याच दिवशी वापरावा. मुखासाठी त्रिफळा क्वाथाचा गंडूष द्यावा. हे उपाय कंडू व क्लेद यांवर साहाय्यक आहेत. निश्चित झालेल्या संसर्गात बुरशीनाशक औषधाला पर्याय म्हणून ते देऊ नयेत. मधुमेही रुग्णास आसव-अरिष्टे देताना त्यांतील गूळ-साखरेचे भान ठेवावे. गर्भिणीस योनिधावन देऊ नये.

औषधविक्रेत्यांस विनंती : खाजेसाठी स्टेरॉइडमिश्रित मलम चिठ्ठीविना देऊ नये. अशा मलमाने खाज तात्पुरती शमते, बुरशी मात्र पसरते. 2018 मध्ये अनेक त्वचालेपी स्टेरॉइडे अनुसूची 'एच'मध्ये आणली गेली, ती याच दुरुपयोगामुळे.

केव्हा पाठवावे : ज्वर, गिळताना वेदना, प्रतिकारशक्तीचा ऱ्हास, गर्भावस्था, किंवा वर्षात 3 अथवा अधिक वेळा पुनरुद्भव असल्यास तज्ज्ञांकडे विनाविलंब पाठवावे. जागतिक आरोग्य संघटनेने 2022 मध्ये कॅन्डिडा ऑरिस व कॅन्डिडा अल्बिकन्स यांना अतिगंभीर गटात स्थान दिले आहे. रक्तात पोहोचलेला कॅन्डिडा प्राणघातक ठरू शकतो. तेथे क्वाथावर विसंबून घालवलेला प्रत्येक दिवस रुग्णास महाग पडतो. साध्यासाध्यता जाणून चिकित्सेस प्रवृत्त व्हावे, ही आपल्या शास्त्राचीच शिकवण आहे.