काम त्यांचं, तर निर्णयही त्यांचा

जिल्हा परिषदेच्या शाळेत सहावी ते आठवीला शिकवताना एक गोष्ट मनात पक्की बसली. या वयाची मुलं कामाला मागे हटत नाहीत, पण सांगकाम्या होणं त्यांना नको असतं. कामाबरोबर थोडा निर्णयही त्यांच्या हाती द्यावा लागतो. त्यातून सुचलेल्या या काही गोष्टी.

१. काम खरं हवं. पोषण आहारात उच्च प्राथमिकच्या मुलामागे रोज १५० ग्रॅम तांदूळ धरलेला असतो. ४२ जण हजर असतील, तर ६ किलो ३०० ग्रॅम. पाळी असलेला मुलगा हजेरी घेऊन स्वयंपाकाच्या मावशींकडे जातो, काटा शून्यावर आहे ना ते बघतो, तांदूळ मोजून घेतो, वहीत लिहितो. सरकारी नोंद मीच करते, पण आधी त्याच्या वहीशी ताडून. फळ्यावर दशांश अपूर्णांकात गडबडणारी मुलंही इथे नीट हिशेब करतात. चुकलं, तर शेवटच्या पंगतीला भात कमी पडणार हे त्यांना ठाऊक असतं.

२. पाळ्या लावताना मुलगा-मुलगी बघायचं नाही. मुलींनी झाडायचं आणि मुलांनी पाण्याची मोटर लावायची, ही वाटणी घरातून शाळेत आपोआप येते. ती ठरवून मोडावी लागते.

३. बालबाजारात कमाईपेक्षा हिशेबाला वेळ द्यावा. सातवीतल्या एका मुलीने भेळ विकली. गल्ला २५० रुपये, कांदे-टोमॅटो-कोथिंबीर ७० रुपये, म्हणून नफा १८० असं तिने लिहिलं.
"चुरमुरे कुठून आणलेस?"
"घरात होते, बाई."
"घरात कुठून आले?"
ती थोडा वेळ गप्प राहिली. मग चुरमुरे, फरसाण, चिंच, गूळ असं एकेक खर्चात घालत गेली. शेवटी तिनेच विचारलं, "आईने चटणी वाटून दिली. तिची मजुरी किती धरू?" यावर वर्गात तास संपेपर्यंत वाद झाला. आईला कसली मजुरी, असं एक जण म्हणाला. "माझी आई दुसऱ्याच्या रानात खुरपायला जाते तेव्हा मिळते की," असं दुसरी म्हणाली. मी निकाल दिला नाही. घरी जाऊन आईलाच विचारा, म्हटलं.

४. वही-कंपास विसरला, तर घरी फोन नाही. शेजाऱ्याकडे मागावं, नाहीतर मला सांगून मार्ग काढावा. दप्तर ज्याचं त्याला भरू द्या, हे पालकांना जूनच्या सभेतच सांगते. औषध किंवा चष्मा राहिला, तर मात्र लगेच फोन. तिथे शिस्त आडवी येता कामा नये.

५. मुलांना पोस्टात न्यावं. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या काळात दप्तराविना दहा दिवस सुचवले आहेत. त्यातला एक यासाठी ठेवावा. दहा वर्षांवरच्या मुलाला पोस्टातलं बचत खातं स्वतःच्या नावाने चालवता येतं. उघडायला ५०० रुपये लागतात आणि ते प्रत्येक घराला जमत नाहीत, म्हणून सक्ती करत नाही. पैसे भरायची स्लिप मात्र सगळेच भरतात. रक्कम अक्षरी लिहिताना बरेच जण अडतात. खिडकीतून काही विचारलं गेलं की मूल आधी माझ्याकडे वळून बघतं. "कळलं नाही, परत सांगाल का?" एवढं एक वाक्य वर्गात जोड्या करून आधीच म्हणून घ्यावं. सोबत पालक आलेच, तर त्यांना मी बाकावर बसवते. स्लिप आणि पेन मुलाच्याच हातात.