पहिल्या रांगेचं तिकीट स्वस्तात कसं?

प्रश्न : या उन्हाळ्यात आम्ही दोघं मुलाकडे न्यू जर्सीला जाणार आहोत. तो म्हणतो, ब्रॉडवेवरच्या संगीत नाटकांची तिकिटं लॉटरीत फार स्वस्त मिळतात, कधी कधी तर थेट पहिल्या रांगेची. नाटक हाऊसफुल्ल असताना कोणता निर्माता पहिली रांग स्वस्तात सोडेल? आणि आम्हा दोघांना, मुलगा-सुनेसह, ती लागण्याची शक्यता किती? (एक वाचक, सोलापूर)

उत्तर : मुलगा सांगतो ते खरं आहे. तुमची शंकाही रास्त आहे, कारण आपल्या नाट्यगृहांत पहिल्या रांगा सगळ्यांत महाग आणि बाल्कनी सगळ्यांत स्वस्त, हेच आपण पाहत आलो. ब्रॉडवेवर हा क्रम उलटा झाला तो ‘रेंट’ या नाटकामुळे.

जोनाथन लार्सन हा तरुण संगीतकार न्यूयॉर्कमधल्या एका खानावळीत वेटरचं काम करून पोट भरत होता आणि उरलेल्या वेळात हे संगीत नाटक लिहीत होता. विषय त्याच्या भोवतालचाच होता : ईस्ट व्हिलेजमधले घरभाडं थकलेले तरुण कलावंत आणि त्यांच्यात पसरलेला एड्स. 25 जानेवारी 1996 रोजी, पहिल्या प्रयोगाच्या आदल्या रात्री, लार्सन अचानक वारला. तेव्हा तो 35 वर्षांचा होता. छोट्या रंगमंचावर नाटक तुफान चाललं, त्याला पुलित्झर मिळालं आणि एप्रिलमध्ये ते ब्रॉडवेवर, 41व्या रस्त्यावरच्या नेडरलँडर थिएटरात आलं.

तिथे निर्मात्यांपुढे एक अवघड प्रश्न उभा राहिला. ज्यांची ही गोष्ट, त्यांना ब्रॉडवेचं तिकीट परवडणारं नव्हतं. जेफ्री सेलर आणि केविन मॅकॉलम या निर्मात्यांनी मग पहिल्या दोन रांगा प्रत्येकी 20 डॉलरला, त्याच दिवशी, विकायला काढल्या. जो आधी येईल त्याला तिकीट. झालं असं, की तरुण मुलं रात्रभर फुटपाथवर मुक्काम ठोकू लागली. ज्याला दुसऱ्या दिवशी कामावर जायचंय त्याने रात्र रस्त्यावर कशी काढावी? शिवाय रस्त्यावर झोपणाऱ्यांच्या सुरक्षिततेची काळजी होतीच. म्हणून थोड्याच काळात रांग बंद झाली आणि चिठ्ठ्या टाकायला सुरुवात झाली. प्रयोगाच्या काही तास आधी यायचं, नाव लिहायचं, आपलं नाव पुकारलं जातं का याची वाट पाहायची. मला ही पद्धत मनापासून न्यायाची वाटते. रांगेत ज्याच्याकडे मोकळा वेळ आहे तो जिंकतो. चिठ्ठीपुढे सगळे सारखे.

यात निर्मात्याचं नुकसान दिसतं तेवढं नाही. समोरच्या दोन रांगांत नाटकावर जीव टाकणारी मुलं बसली की नटांना त्याचं बळ मिळतं आणि ते मागच्या प्रेक्षकांपर्यंत पोचतं. दुसरा फायदा काळ्या बाजाराविरुद्धचा. लॉटरीचं तिकीट विजेत्याच्याच नावावर असतं, ओळखपत्र दाखवूनच ते हातात मिळतं, त्यामुळे ते चढ्या भावाने विकायची सोय राहत नाही. काळा बाजार रोखायचा दुसरा मार्गही ब्रॉडवेने वापरला : 2001 मध्ये ‘द प्रोड्यूसर्स’ने काही खुर्च्या स्वतःच 480 डॉलरला विकायला काढल्या, म्हणजे वरचा पैसा दलालाऐवजी नाटकाकडे येईल.

‘हॅमिल्टन’मध्ये हे दोन्ही मार्ग एकत्र आले. 2015 साली रिचर्ड रॉजर्स थिएटरात आलेल्या या नाटकाचेही एक निर्माते सेलरच होते. लॉटरीचं तिकीट 10 डॉलरचं ठेवलं, कारण दहाच्या नोटेवर नाटकाचा नायक अलेक्झांडर हॅमिल्टन याचाच चेहरा आहे. प्रत्येक प्रयोगाला 21 तिकिटं, पहिल्या रांगेची. सोडतीसाठी रस्त्यावर जमलेल्या गर्दीपुढे नाटकाचा कर्ता लिन-मॅन्युएल मिरांडा आणि त्याचे सहकारी छोटे छोटे कार्यक्रम करत. ज्यांना तिकीट लागलं नाही तेही काहीतरी पाहून घरी जात, ही मला त्या सगळ्यातली फार मोलाची गोष्ट वाटते. जानेवारी 2016 मध्ये सोडत ऑनलाइन नेली, तर पहिल्याच दिवशी 50,000 हून जास्त अर्ज आले आणि साइट कोलमडली. त्याच वर्षी सर्वांत महाग तिकीट 849 डॉलरवर गेलं आणि लॉटरीची तिकिटं 21 वरून 46 करण्यात आली.

आता तुमच्या शक्यतेकडे वळू. 21 तिकिटं आणि 50,000 अर्ज म्हटलं की अडीच हजारांत एकालाही जेमतेम लागेल. त्यातून बहुतेक जण दोन तिकिटं मागतात, म्हणजे विजेते त्याहूनही कमी. पण ती टोकाची वेळ होती. बरीच वर्षं चाललेल्या नाटकांना एवढी गर्दी नसते. निव्वळ हिशेबासाठी शंभरात एक अशी शक्यता धरा. रोज पाच नाटकांना अर्ज केला, सहा दिवस केला, तर तीस अर्जांत निदान एकदा नंबर लागण्याची शक्यता 26 टक्क्यांच्या आसपास जाते. म्हणून एकाच नाटकावर अडून बसू नका. आणि हो, एका अर्जावर जास्तीत जास्त दोनच तिकिटं मिळतात. चौघांना एकत्र बसायचं तर एकाच प्रयोगासाठी दोघांचे वेगळे अर्ज लागले पाहिजेत. त्याच हिशेबाने ती शक्यता दहा हजारांत एक. तेव्हा लॉटरी तुम्हा दोघांसाठी ठेवा.

अर्ज बहुतेक नाटकांना आदल्या दिवशी ऑनलाइन करायचा असतो. निकाल ई-मेलने कळतो आणि सहसा तासाभरात पैसे भरावे लागतात, नाहीतर तिकीट दुसऱ्याला जातं. पासपोर्ट बरोबर ठेवा. पहिल्या रांगेतून मान वर करून पाहावं लागतं, आणि काही नाटकांत लॉटरीची खुर्ची कडेची असते, जिथून रंगमंचाचा कोपरा दिसत नाही. गुडघे-मानेचा त्रास असेल तर याचा विचार करा. शनिवारी गर्दी जास्त, मंगळवार-बुधवारी कमी. सोमवारी बरीच थिएटरं बंद असतात.

लॉटरी लागली नाही तर सकाळी तिकीट खिडकी उघडताच त्या दिवसाची राखून ठेवलेली स्वस्त तिकिटं काही नाटकं देतात, त्यांना रश म्हणतात. चौघांसाठी मात्र माझी पसंती टाइम्स स्क्वेअरमधल्या टीकेटीएस खिडकीला आहे. 1973 पासून ती त्याच दिवसाची तिकिटं निम्म्यापर्यंत सवलतीत विकते आणि तिथे नशिबाची गरज नाही, फक्त रांगेत उभं राहायची तयारी हवी.

लॉटरीचा अर्ज नेहमी नाटकाच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून सुरू करा. अर्ज पूर्ण फुकट असतो. नुसत्या अर्जासाठी कोणी कार्डाचा नंबर किंवा पैसे मागितले, तर तिथेच थांबा.