'इतर' म्हणजे कोण?

कॉलेजात प्रवेश घेताना अर्जावर 'वडिलांचा व्यवसाय' असा रकाना होता. नोकरी, व्यापार, शेती, इतर. माझे वडील घाटकोपरच्या बाजारात हमाली करतात. मी 'इतर'पुढे खूण केली. हाच रकाना पुढे एका प्रथिनाच्या चित्रात भेटेल असे तेव्हा वाटले नव्हते.

माझा मावसभाऊ बी. एस्सी.ला आहे. त्याने संगणकावर एक प्रथिन दाखवले. फितीसारख्या वळ्यांच्या मधोमध एक छोटा रेणू वेगळ्या रंगात होता. 'हा लिगंड', तो म्हणाला. प्रथिनाच्या खाचेत येऊन बसणारा रेणू म्हणजे लिगंड. पुष्कळशी औषधे अशीच काम करतात. मी विचारले, "पण हे संगणकाला कसे कळते?" त्याचे उत्तर वाचकांपुढे मांडते.

शास्त्रज्ञांनी शोधलेल्या रचना १९७१ साली सुरू झालेल्या 'प्रोटीन डेटा बँके'त ठेवतात. तेथील जुन्या नमुन्याच्या नोंदीत प्रत्येक अणूला एक ओळ असते. प्रथिनातील नेहमीच्या अमिनो आम्लांच्या ओळी 'ॲटम' या शब्दाने सुरू होतात. पाणी, धातूंचे आयन, औषधे यांच्या ओळी 'हेटॅटम'ने. म्हणजे 'इतर'च! 'रासमॉल' हे सॉफ्टवेअर या 'इतर'मधून पाण्यासारखे द्रावक वगळते आणि उरलेल्यांना लिगंड म्हणते. 'पायमॉल' साखळीबाहेरच्या, कार्बन असलेल्या रेणूंचा 'ऑरगॅनिक' नावाचा गट करते.

नियम सोयीचे आहेत, पण फसतात. स्फटिक गोठवताना घातलेले ग्लिसरॉल चित्रात राहिले, तर तेही लिगंडांत मोजले जाते. प्रथिनाच्या कामाशी त्याचा बहुधा संबंध नसतो. रचना शोधण्याच्या सोयीसाठी गंधकाऐवजी सेलेनियम घातलेले सेलेनोमेथिओनिन साखळीतलेच असते, तरी त्याची नोंद 'हेटॅटम' अशी होते. घरचा माणूस पाहुणा ठरतो!

उलटही घडते. आपल्या मुंबईतच, ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात एम. व्ही. होसूर व सहकाऱ्यांनी एड्सच्या विषाणूतील प्रोटिएज या प्रथिनाचा अभ्यास केला. ९९ अमिनो आम्लांच्या दोन साखळ्या मिळून हे प्रथिन बनते आणि ते विषाणूची लांब प्रथिने कापते. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या रचनेत कापल्यानंतरचे पेप्टाइडचे तुकडे खाचेतच धरलेले दिसले. कामाच्या दृष्टीने असे तुकडे पाहुणेच. पण अशा तुकड्यांत नेहमीची अमिनो आम्ले असली, तर त्यांच्या ओळी 'ॲटम'ने सुरू होतात आणि केवळ शब्द पाहणारे सॉफ्टवेअर त्यांना प्रथिन समजते. औषध नेमके त्याच खाचेत बसवायचे असते, म्हणून ही चूक किरकोळ नाही.

मग उपाय काय? भाऊ म्हणाला, "रकान्यावर थांबायचे नाही. रेणू कुठे बसला आहे, कोणाला धरून आहे आणि तिथे काय करतो, हे डोळ्यांनी पाहायचे."

मित्रहो, रकान्यांशिवाय संगणकाचे चालत नाही, कचेरीचेही नाही. पण रकाना ही चौकशीची सुरुवात आहे, शेवट नव्हे. माझ्या वडिलांच्या पाठीवरून रोज किती घरांची भाजी उतरते, हे 'इतर' या शब्दात कुठे आहे?